आधी पान, मग पासवर्ड

आमच्या खोलीत येणाऱ्या प्राध्यापकांच्या हातात पेन ड्राइव्ह असायचा, नाहीतर लॅपटॉप, नाहीतर नुसताच वैताग. सरांच्या हातात मात्र पान असायचं. झाडाचं, नुकतंच खुडलेलं, देठासकट. ते माझ्या कीबोर्डवर ठेवून ते म्हणायचे, "आधी हे ओळख. मग माझं काम कर."

मी तेव्हा कोलकात्यातल्या एका विद्यापीठात तंत्रसाहाय्य विभागात होते. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून नाशिकहून आले, सॉल्ट लेकमध्ये घर घेतलं आणि वर्षभर घरात बसून कंटाळल्यावर ही नोकरी धरली. प्रोजेक्टर चालत नाही, माइक खरखरतो, गुण पोर्टलवर चढत नाहीत, अशा सगळ्या तक्रारी जिन्याखालच्या आमच्या खोलीत येत. सर वनस्पतिशास्त्राचे. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. मी एकदा आईशी फोनवर बोलत होते, तेव्हा ते दारात येऊन थांबले आणि फोन ठेवेपर्यंत तसेच उभे राहिले.

"मराठी?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"मग चल, चहा खाऊ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण सर चहा खायचे, पाणीही खायचे. आजोबा नोकरीसाठी कोलकात्याला आले, वडील इथेच जन्मले, हेही इथेच. बालीगंजच्या त्यांच्या घरात मराठी टिकली होती, पण शेजारच्या बंगालीने तिला आपल्याकडे जरा ओढून घेतलं होतं. एकीकडे ते 'यत्किंचित' आणि 'तस्मात' असले आजोबांच्या वेळचे शब्द सहज वापरायचे, आणि दुपारच्या कंटाळवाण्या मीटिंगमध्ये माझ्याकडे वाकून गंभीरपणे सांगायचे, "मला झोप पावली आहे." बंगालीत झोप 'पावते', तशीच भूकही. देव पावावा तशी झोप पावलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला हसू आवरायचं नाही. मी का हसते, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी सुधारून घेतलं असतं.

सुधारून घेण्याची त्यांना फार हौस होती. वर्गात चूक दाखवणाऱ्या मुलाला ते पुढे बोलवायचे, हातात खडू द्यायचे आणि स्वतः त्याच्या जागेवर जाऊन बसायचे. विद्यापीठाने वर्गावर्गांत स्मार्टबोर्ड बसवले, तेव्हा सरांनी त्याचं नाव 'शहाणा फळा' ठेवलं आणि पहिल्याच दिवशी त्याच्यावर खडूने लिहिलं. तो पुसायला मी गेले, तर म्हणाले, "ह्याच्यावर खोडलेलं काहीच उरत नाही गं. माझ्या फळ्यावर आधीची चूक पुसट दिसत राहते. मुलांना ती दिसायला हवी."

पासवर्डच्या बाबतीत त्यांचं कधी अडलं नाही. सगळे पासवर्ड म्हणजे झाडांची लॅटिन नावं. आमच्या यंत्रणेने एकदा पासवर्डमध्ये आकडा मागितला. सर म्हणाले, "पाकळ्या किती ते लिहू?" ते चाललं. अडचण एवढीच होती की ते टाइप करताना पासवर्ड मोठ्याने म्हणायचे, त्यामुळे तो अख्ख्या विभागाला ठाऊक असायचा. मी एकदा रागावले, तर म्हणाले, "ज्याला हे स्पेलिंग येतं, त्याने खुशाल माझं ईमेल वाचावं."

मग टाळेबंदी आली. सगळं विद्यापीठ आपापल्या घरात जाऊन बसलं आणि आमचा फोन दिवसभर वाजायला लागला. वर्षानुवर्षं शिकवणारी माणसं, कॅमेरा उलटा का दिसतो, हे विचारताना रडवेली व्हायची. मला सगळ्यात जास्त भीती सरांची होती. एकटे राहणारे, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, संगणकाशी वैर. मी फोनवर एकेक बटण सांगत त्यांचा पहिला वर्ग सुरू करून दिला आणि काही बिघडलं तर सावरायला म्हणून स्वतःही त्या वर्गात बसले.

पडद्यावर सरांचा एक कान आणि छताचा पंखा दिसत होता. मुलांचे कॅमेरे बंद. काळ्या चौकोनांत नुसती नावं. सर एकेक नाव वाचत गेले. मग इंग्रजीत म्हणाले, "मला कोणी दिसत नाही. तुमचे चेहरे नकोत, त्याला नेट लागतं म्हणतात. प्रत्येकाने जे पान हाताशी असेल ते आणा आणि त्यात काय दिसतं ते मला सांगा."

मुलं उठली. कोणी तुळस आणली, कोणी खिडकीतला मनीप्लांट. एका मुलीच्या फ्लॅटमध्ये एकही झाड नव्हतं. ती फ्रिजमधून कोथिंबीर घेऊन आली आणि ओशाळून तसं म्हणाली. सरांनी त्या दिवशी कोथिंबिरीवर पूर्ण तास घेतला. तिचं खालचं पान रुंद आणि वरचं बारीक का, हे मी आयुष्यभर कोथिंबीर निवडूनही कधी बघितलं नव्हतं.

त्या वर्गात सुपर्णा नावाची मुलगी होती. सुंदरबनातल्या एका बेटावरची. घरात रेंज नसायची म्हणून ती नदीच्या बांधावर जाऊन बसायची. तिच्या आवाजामागे वारा असायचा, कधी बोटीचं इंजिन. पानं सगळ्यांत चांगली तिची असायची, कारण तिला ती शोधावी लागत नसत. खारफुटीचं पान चाटून बघा, खारट लागतं, हे तिने सगळ्यांना सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "हे मी पुस्तकातून शिकवतो. तू जिभेने शिकवलंस."

सगळं बरं चाललं होतं. मग वरून सूचना आली की प्रत्येक प्राध्यापकाने आपली व्याख्यानं रेकॉर्ड करून पोर्टलवर चढवायची. ज्यांची चढणार नाहीत, त्यांचा विषय पुढच्या सत्रात दुसऱ्याकडे जाईल. सरांचे विभागप्रमुख भले गृहस्थ होते, एकेकाळी सरांचेच विद्यार्थी. त्यांनी मला फोन करून सांगितलं, "मला सरांना काढायचं नाही. पण मलाही वर उत्तर द्यावं लागतं. तुमचं ते ऐकतात. महिनाअखेरपर्यंत काहीतरी करून घ्या."

सर माझं ऐकत नव्हते. मी सगळे मार्ग काढले. म्हटलं, तुम्ही बोला, मी इकडून रेकॉर्ड करते. नको. मुलांना सवडीने बघता येईल. नको. शेवटी मी जरा चिडूनच विचारलं, "सर, नक्की अडतंय कुठे?"



"वर्गात मी चुकलो तर कोणीतरी हात वर करतं," ते म्हणाले. "त्या रेकॉर्डिंगच्या पेटीत मी चुकलो तर? मी इथे बसून म्हातारा होणार, आणि ती चूक तिथे तरुण राहणार. मी मेल्यावरही ती मुलांना शिकवत बसणार. मला भय वाटतं त्याचं."

"मग विषय जाईल, सर."

"जाईल," ते म्हणाले.  शिकवणं गेल्यावर त्या माणसाच्या दिवसात काय उरेल, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं आणि मग दिवसभर डोक्यातून जाईना.

त्याच महिन्यात वादळ आलं. संध्याकाळी जो वारा सुटला तो आमच्या इमारतीच्या काचा फोडूनच गेला. आम्ही दोघं न्हाणीघराच्या दाराशी सतरंजी टाकून बसलो, कारण तेवढ्याच जागेला खिडकी नव्हती. सकाळी वीज नव्हती, पाणी नव्हतं, फोनला रेंज नव्हती. गच्चीत एका कोपऱ्यात उभं राहिलं की रेंज यायची. मी तिथून आधी नाशिकला आईला कळवलं आणि मग सरांना फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशी बंद. तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांचाच मला फोन आला, "सरांशी बोलणं झालं का हो? इथे कोणाचंच होत नाही."

नवऱ्याकडे बँकेचा पास होता. त्याने गाडी काढली. नेहमी ज्या रस्त्याने आम्ही सहज जायचो, त्यावर दर थोड्या अंतराला झाडं आडवी पडलेली. वीज आणि पाण्यासाठी लोक रस्त्यात बसले होते. बालीगंजच्या अलीकडेच गाडी सोडावी लागली. पुढे आम्ही चालत निघालो, लोंबणाऱ्या तारा चुकवत. सडलेल्या पानांचा वास सगळीकडे भरला होता.

सरांच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. त्यांच्या फाटकासमोर विलायती शिरीषाचं एक प्रचंड झाड होतं. रेन ट्री म्हणतात ते. ते मुळासकट उन्मळून त्यांच्या इमारतीवर पडलं होतं. सर तळमजल्यावर राहायचे. त्यांचा व्हरांडा दिसतच नव्हता. जिथे व्हरांडा असायला हवा तिथे फांद्यांचा डोंगर होता.

मी हाका मारल्या. उत्तर नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत आल्या. मी बंगालीत विचारलं, सर कुठे आहेत. त्यांनी खाली त्या डोंगराकडे बोट दाखवलं आणि काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकूच आलं नाही. नवऱ्याने माझा दंड धरला.

"त्या म्हणताहेत, ते आत आहेत," तो म्हणाला. "सकाळपासून आत आहेत. जेवायलाही बाहेर आले नाहीत."

मग मला आवाज आला. पानांच्या आतून कोणीतरी इंग्रजीत, संथपणे बोलत होतं. मी फांद्या बाजूला करत वाकून आत शिरले. सर झाडाच्या शेंड्यात बसले होते. लुंगी, बनियन, पावलांत गमबूट, दाढी वाढलेली, एका हातात फोन. मला बघून त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. रेकॉर्डिंग चालू होतं.

मी तिथेच ओल्या पाचोळ्यात मटकन बसले. हसू आलं की रडू, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. नवरा बाहेरून विचारत होता, "आहेत का? ठीक आहेत का?" आणि मी फांद्यांतून हात बाहेर काढून त्याला 'आहेत' अशी खूण केली.

रेकॉर्डिंग संपल्यावर सर म्हणाले, "बरं झालं आलीस. ही बॅटरी मरते आहे. शेजारचा पोलीस गाडीतून चार्ज करून देतो, पण तो आज ड्यूटीवर गेला."

"सर, तीन दिवस तुमचा फोन बंद आहे. आम्ही काय काय विचार केले."

"फोन बंद नाही, विमानात आहे. बॅटरी टिकते म्हणून तूच शिकवलंस." मग माझा चेहरा बघून ते जरा वरमले. "अगं, झाड पडलं तेव्हा मी मागच्या खोलीत होतो. व्हरांडा गेला, दुसरं काही नाही. पण हे बघ. तू हे बघ आधी."

त्यांनी एका जाड फांदीकडे बोट दाखवलं. तिच्यावर जाड, लांबट पानांचा एक झुबका होता.

"दर वर्षी मुलांना या झाडाखाली आणतो. फाटकाशी उभं करतो आणि वर बोट दाखवतो. म्हणतो, ते बघा बांडगूळ. झाडाचा रस पिऊन जगतं, झाडाचा शत्रू. दुर्बिणीतूनही पानांआडून एवढंच दिसायचं. नोकरी लागल्यापासून सांगतो आहे." त्यांनी झुबक्याखालची मुळं अलगद उचलून दाखवली. ती सालीवर नुसती चिकटलेली होती, आत शिरलेलीच नव्हती. "हे बांडगूळ नाही. ऑर्किड आहे. झाडाचं काही घेत नाही. फक्त राहायला आलेलं आहे. शेंडा खाली आला म्हणून कळलं, नाहीतर मी तसाच मेलो असतो."

मला वाटलं, ते खट्टू झाले असतील. पण त्यांचा चेहरा उजळला होता.

"किती मुलांना मी हे चुकीचं सांगितलं, विचार कर. त्यातली निम्मी आता स्वतः मास्तर आहेत. ती आपल्या मुलांना सांगत असतील. मला वाटायचं, पेटीत बोललं नाही तर चूक टिकत नाही. ती काय पेटीची वाट बघते? मजेत हिंडते आहे सगळीकडे. आता तिला गाठायचं, तर मलाच पेटीत शिरायला हवं."

झाड कापायला माणसं यायची होती. त्याआधी मुळापासून शेंड्यापर्यंत सगळं नोंदवायचं म्हणून सर दोन दिवस त्या फांद्यांत राहत होते. नवऱ्याने पॉवर बँक दिली. मी फोन धरला. सर झाडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत बोलले, जे उभ्या झाडाच्या बाबतीत कोणाला कधीच करता आलं नसतं. कावळ्याचं घरटं दाखवलं, त्यात एक चमचा होता. मुळं दाखवली, फुटपाथच्या काँक्रीटमुळे खाली जाऊच न शकलेली. मध्येच करवतवाले आले. सरांनी त्यांना हिंदीत सांगितलं की जरा थांबा, माझा तास चालू आहे. ते खरंच थांबले. बिड्या पेटवून फाटकाच्या कट्ट्यावर बसले आणि तास संपेपर्यंत ऐकत राहिले. ऑर्किडचा झुबका मात्र सरांनी आधीच फांदीच्या तुकड्यासह कापून घेऊन मागच्या खोलीच्या खिडकीत टांगला होता.

वीज आल्यावर मी ती रेकॉर्डिंग चढवली. बहुतेक सगळी उभी, कोपऱ्यात सरांचा अंगठा. कापून नीट करू का विचारलं, तर नको म्हणाले. विभागप्रमुखांनी ती त्याच दिवशी पाहिली. त्यांचा सरांना आलेला निरोप सरांनी मला वाचून दाखवला: सर, मीही माझ्या मुलांना बांडगूळच सांगत आलो, उद्याच दुरुस्त करतो. विषय दुसऱ्याकडे देण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. सर आपल्या वेळेला, आपल्या वर्गातून निवृत्त झाले. आम्हीही नवऱ्याच्या पुढच्या बदलीने पुण्याला आलो; आता ते अधूनमधून फोन करतात आणि इथे आमच्या सोसायटीत कोणती झाडं आहेत, याची चौकशी करतात.

पण सर म्हटलं की मला आठवतो, तो वादळानंतरचा पहिला वर्ग. मी नेहमीप्रमाणे वर्ग उघडून दिला. शहरातली मुलं एकेक करून आली. कोणाच्या घरात पाणी शिरलं होतं, कोणाची गच्चीवरची टाकी उडाली होती. सर कधी हजेरी घेत नसत. त्या दिवशी ते नावं मोजत होते. सुपर्णाचं नाव नव्हतं.

"ती कोणाशी बोलली आहे?" त्यांनी विचारलं.

कोणाशीच नाही. तिच्याकडचा बांध फुटल्याचं सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं होतं. त्या आठवड्यात सरांनी शिकवलं, पण मधेच थांबून पडद्याकडे बघत राहायचे. कॅमेरा आता त्यांच्या चेहऱ्यावर असायचा. तसा ठेवायला मी सांगितलं नव्हतं. पुढचा आठवडाही तसाच गेला. रोज सकाळी ते मला फोन करायचे. "तुझ्या यंत्रात दिसते का गं, ती कधी पोर्टलवर येऊन गेली का?" मी बघायचे आणि नाही म्हणायचे. एकदा मी म्हटलं, "सर, तिकडे टॉवरच पडलेत." ते म्हणाले, "हो, टॉवरच असेल." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला.

आणि मग एका दुपारी, सर मुळांबद्दल सांगत असताना, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक नवा चौकोन उघडला. आधी नुसता वारा ऐकू आला. मग तिचा आवाज.

"सर, ऐकू येतंय? मी सुपर्णा. आम्ही शाळेच्या गच्चीवर आहोत, इथे थोडी रेंज आहे. घर गेलं, सर. पण आम्ही सगळे आहोत."

 सरांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मी घाईने नियंत्रणाची खिडकी उघडली, त्यांचा माइक कुठे अडकला ते बघायला. माइक बिघडला नव्हता. सरांनी तो स्वतः बंद केला होता. बंद कुठून करायचा, हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी नाद सोडला होता. पडद्यावर त्यांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाने डोळे पुसले, पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. मुलं थांबली. मीही हात मागे घेतला.

थोड्या वेळाने माइक पुन्हा चालू झाला.

"सुपर्णा," ते म्हणाले, "तिथून काय दिसतं?"

"पाणी, सर. सगळीकडे पाणीच."

"पाण्यात काही उभं आहे का?"

ती बहुधा वळून बघत होती. वाऱ्याचा आवाज वाढला आणि कमी झाला.

"नारळ, सर. नारळ उभे आहेत."

"बरं," सर म्हणाले. "सगळ्यांनी पुस्तकं मिटा. आज ती सांगेल, नारळ का पडला नाही."

आणि सुपर्णा सांगायला लागली.